आप्पांचं एकाशन

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुखणं बरं होणारं नव्हतं. डॉक्टरांनी ते तोंडावरच सांगितलं होतं. थोरला भाऊ विलायतेत, त्याला येणं जमेना. रविवारी आपल्याकडच्या साडेचारला फोन करतो, एवढं त्यानं कळवलं. तो गेल्यापासून आप्पांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

आष्ट्यात आमच्यासारख्या शेतकऱ्याकडं फोन कुठला? तो होता सांगलीतल्या ओळखीच्या अडत दुकानात. मी आप्पांना धरून एसटीनं नेलं. दुकानदारही आमच्यासारखे जैनच, त्यामुळं जेवायची सोय होती. आप्पांचं एकाशन चालू होतं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत, आणि ताटावरून उठलं की जेवण संपलं. आजारात तरी सोडा म्हणून आईनं कंठशोष केला होता. पण ऐकतील तर ते आप्पा कसले!

"पोराशी बोलतो, मग जेवतो," म्हणाले.

साडेचार वाजले, पाच वाजले. फोन ढिम्म. ऊन समोरच्या कौलांवर चढलं.

"आप्पा, दिस बुडाय लागलाय. तुमी जेवून घ्या, मी बसते हितं."

मालकांचं घर दुकानामागंच होतं. आप्पा नाखुशीनं उठून गेले. पहिला घास घेतला असेल नसेल, तोच घंटा वाजली. मी हाक मारली आणि ते ताटावरून उठले. भिंत धरत धरत येऊ लागले. इकडं भाऊ ओरडत होता, "आप्पा कुठं हायत? आप्पांना दे!" मी "आलेच, आलेच" म्हणत राहिले. परदेशचा फोन तीन मिनिटांचाच मिळायचा, ती त्यातच गेली. आप्पांनी रिसीव्हर कानाला लावला तेव्हा आत नुसती खरखर होती.

त्या देशात हिवाळ्याच्या तोंडावर घड्याळं तासभर मागं घेतात. नेमकी त्याच पहाटे घेतली होती, आणि भावानं हिशेब धरला होता आदल्या आठवड्याचा, म्हणून फोन तासभर उशिरा आला. मला अजून संताप येतो. एवढं शिकून काय दिवे लावले त्यानं!

"आवं मामा, ताट तसंच हाय. दोन घास खावा," मालकीणबाई म्हणाल्या. आप्पांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

एसटीत त्यांनी विचारलं, "आवाज कसा हुता गं त्याचा?"

भाऊ सबंध वेळ ओरडत होता. तरी मी "चांगला हुता," म्हटलं.

"मला काय म्हनला?"

"आप्पा कुठं हायत, एवढंच."

महिना पुरा व्हायच्या आत आप्पा गेले. फोन पुन्हा लागला नाही.