बिस्मिल्ला म्हणून घेतलेली गोळी

पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा मला हिपॅटायटिस सी असल्याचं कळलं. यकृताला हळूहळू पोखरणारा हा विषाणू रक्तातून येतो. मुलीच्या जन्माच्या वेळी मला रक्त चढवलं होतं, तेव्हाच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. मुलीचंही रक्त तपासलं. अल्लाची मेहेरबानी, तिला काही नव्हतं. पण ती पहिलटकरीण, बाळंतपणाला यवतमाळला आमच्याकडेच येणार होती, आणि मी माझा कप, ताट, पाण्याचा गिलास वेगळा काढून बसले होते. नातवंडाला हात कसा लावायचा, या विचाराने जीव कासावीस व्हायचा. नमाज चुकवली नाही, पण दुआला हात पसरले की ओठांवर एकच यायचं, मलेच काहून?

पुढच्या तपासण्यांसाठी सरकारी दवाखान्यात गेलो. माझे पती, ज्यांचं जवळच्या लोहाऱ्याला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, रांगेत उभे होते. मी बाकावर डबा उघडून बसले. शेजारी बाभुळगावकडची एक म्हातारी शेतकरीण येऊन टेकली.

"काय आनलं वं माय डब्यात?"

"मेथी अन् पोळी. पण मावशी, माझ्या डब्यातलं नका खाऊ. मला यकृताचा आजार आहे, लागणीचा."

तिने आजाराचं नाव विचारलं आणि ते ऐकून ती हसली. "मले बी तेच होतं. रोज एक गोळी घेतली तीन महिने, बरी झाली. उष्ट्यानं नाई लागत वं तो, रक्तानं लागते. तुले कोनी सांगतलं नाई का?"

असं म्हणून तिने माझ्या पोळीचा तुकडा मोडला, भाजी लावली आणि निवांत खाल्ला. दुसरा घास माझ्या तोंडापुढे धरला. मी रडले आणि खाल्लाही. नाव विचारणार तोच तिला आतून हाक आली. नंतर ती कधीच दिसली नाही. तिला कुणी पाठवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

आत डॉक्टरबाईंनी तेच सांगितलं. सोबत जेवल्याने, जवळ घेतल्याने काही होत नाही. ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा. मग गोळीचं काम समजावलं. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढत राहतो. गोळीतली औषधं ते नकला काढणंच बंद पाडतात. नवे विषाणू तयार होत नाहीत, जुने संपत जातात. "बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. पण बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि विचारल्याशिवाय दुसरं औषध, जडीबुटीसुद्धा, घेऊ नका."

रोज फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर बिस्मिल्ला म्हणून गोळी घ्यायची. कधी डोकं दुखायचं, कधी गळून गेल्यासारखं वाटायचं, तेवढंच. एरवी सात वाजेपर्यंत घोरणारे माझे पती अंथरुणातूनच ओरडायचे, "गोळी झाली का?" मध्येच नात झाली. पाय पसरून, तिला पायांवर घेऊन, तेल लावून पहिल्या दिवसापासून मीच न्हाऊ घातलं. तिने माझी सलवार भिजवली तेव्हा मी इतकी हसले की मुलगी घाबरून बघायला आली.

गोळ्या संपल्यावर तीन महिने थांबून पुन्हा रक्त तपासायचं होतं; तेव्हाही विषाणू सापडला नाही तर आजार गेला असं धरतात. नाही सापडला. पती दुकान बंद करून जिलबी घेऊन आले आणि कारण न सांगता गल्लीभर वाटत सुटले. लोकांना वाटलं, आम्हाला दुसरी नात झाली.

पूर्वी मला वाटायचं, अल्लाच्या हवाली होणं म्हणजे गप्प बसून वाट पाहणं. आता वाटतं, त्याने जे पुढे केलं, ते हात पुढे करून घ्यावं, एवढंच आपल्याकडे असतं.

त्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर दुआला हात पसरले, तर मागायला काही सुचेचना. बराच वेळ तशीच बसून राहिले.

"इतका वेळ काय मागून राह्यली होती?" पतींनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "नुसती बसले होते त्याच्याजवळ."