सुलतानपूरच्या मळ्यातली माय

जालन्याहून निघालेली एस.टी. बीबी गावात चहासाठी थांबली, तोवर बसमधले सगळेच कोफीशी बोलून झाले होते. कोफी माझा पुण्यातला वर्गमित्र. घानाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातला. तीन वर्षांत मोडकंतोडकं मराठी शिकलेला. आम्ही दोघं पुरातत्त्वाचे विद्यार्थी. सुलतानपूरला विहीर खणताना देवीची जुनी मूर्ती सापडली होती. ती पुण्याच्या संग्रहालयाला मिळते का, हे बघायला सरांनी आम्हाला पाठवलं होतं.

विहीर अनसूयाबाईंची; मूर्ती त्यांच्याच वांग्यांच्या मळ्यात, लिंबाखाली ठेवली होती. काळ्या दगडाची, हातभर उंच, नाक झिजलेलं, कपाळी ताजं कुंकू.

"आधी जेवा," बाई म्हणाल्या. भाकरी, भेदऱ्यांची (टोमॅटोची) भाजी आणि ठेचा. कोफीनं ठेचाच भाजीसारखा खाल्ला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडू नको बाबू, गूळ खाय!" बाईंसकट सगळी पंगत हसली.

जेवणानंतर मी मोजपट्टी काढली आणि भीतभीत विषयही काढला. हसू तिथंच थांबलं.

"काऊन न्यायची? इथं काय कमी हाये तिले?"

"तिकडे नीट राहील, मावशी. लांबलांबचे लोक बघतील."

"अन् आमी कुठं जाऊन पाहाव?"

कोफी हळूच म्हणाला, "आमच्या गावात मातीचा चेहरा होता, पूर्वजाचा. होडी समुद्रात नेताना लोक त्याला सांगून जायचे. एक साहेब आला. नीट ठेवतो म्हणाला, जहाजातून घेऊन गेला. आजी अजून त्या रिकाम्या जागेला सांगते. मी तो चेहरा फक्त पुस्तकात पाहिला."

"आयकलं का?" अनसूयाबाईंनी मला विचारलं.

"ऐकलं. नाही नेत, मावशी. मापं आणि चित्र तेवढं घेऊ द्या."

मग काय! बायकांनी पाणी आणून मूर्ती धुतली आणि चित्र काढणाऱ्या कोफीभोवती कोंडाळं केलं.

"नाक मोडकं काऊन काढलं?"

"तसंच आहे."

"आमाले नाही दिसत तसं!"

शेवटी त्यानं दुसरं चित्र काढलं, सरळ नाकाचं. ते बाईंनी घरात लावलं. वांग्यांची पिशवी घेऊन आम्ही परतलो.

सर दोन दिवस रागावले, तिसऱ्या दिवशी त्यांनीच चित्र मागितलं. नोंदवहीत ठिकाणापुढे मी लिहिलं : 'अनसूयाबाईंचा मळा. पूजेत.' असं आधी कधी लिहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कोफीनं भावाला पत्र धाडलं : आजीला विचार, त्या चेहऱ्याला काय नावानं हाक मारायचे? पुस्तकात फोटो होता, उंची होती, रुंदी होती. नाव नव्हतं.