ते गाणं हेमराजचं होतं

मनोहरचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मनोहर ‘बांधी’ या बँडमध्ये ढोलकी वाजवायचा. “मॅडम, हेमराज गेला. दुकानात बसल्या बसल्या,” एवढंच म्हणाला. मी काहीतरी विचारलं असेल... त्यावर तो म्हणाला, “आता नका लिहू काही.” त्याला पाच आठवडे झाले. तरी लिहिते आहे, कारण हेमराजबद्दल मी एकदा चुकीचं लिहिलं होतं आणि ते निस्तरायचं राहून गेलं.

हेमराज मूळचा कोंढ्याचा. भंडाऱ्यात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांचे जळलेले पंप दुरुस्त करायचा, आणि संध्याकाळी त्याच दुकानात तो, मनोहर आणि आणखी दोघं असे चौघं जमून गिटार, ढोलकी, पेटी आणि झांज यांवर धानाच्या शिवारातली गाणी बसवायचे. धानाच्या चौकोनी तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात, तेच बँडचं नाव. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते एका लग्नाच्या स्वागतसमारंभात. लोक जेवणाकडे वळलेले, आणि हे चौघं रिकाम्या खुर्च्यांसमोर गात होते. हेमराजनं डोळे मिटून ओळ घेतली, ‘वाकली ते वाकलीच माय, वर पाहाची राह्यली.’ रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात जन्मभर वाकलेल्या बाईचं गाणं. माझी आईही अशीच वाकलेली होती. मी जेवले नाही त्या दिवशी.

मग मी भारावून वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहिला. ‘शेकडो वर्षं झाडीपट्टीत घुमणारी पारंपरिक गाणी शहरात आणणारा बँड’ असं त्यात म्हटलं आणि उदाहरणादाखल हीच ओळ दिली. कुणाला विचारलं नाही. अशी गाणी कुणी एका माणसानं केलेली असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लेख आवडला, बँडला चार ठिकाणची बोलावणी आली. हेमराज कात्रण घेऊन घरी आला. चहा घेतला. मग म्हणाला, “चांगलं लिहलं तुमी. फक्त एक आहे... थे गाणं मी केलं. माय गेली तवा.”

“अरे, पारंपरिक म्हटलं की मान मोठा असतो,” मी म्हणाले.

“असन. पण माही माय पारंपरिक नव्हती ना, मॅडम.”

मी हसले. पुढच्या लेखात दुरुस्त करते म्हणाले. पुढचा लेख मी दुसऱ्याच विषयावर लिहिला.

वर्षभरानं मोठ्या शहरातल्या एका वाद्यवृंदानं ते गाणं रेकॉर्ड करून त्याचा व्हिडिओ काढला. चाल तीच, ठेका जलद, मागे नाचणाऱ्या मुली. खाली लिहिलेलं, ‘पारंपरिक’. हेमराजनं त्यांना फोन केला, तर त्यांनी उलट माझ्या लेखाचा फोटो पाठवला. तो मोबाईल घेऊन तो माझ्याकडे आला. “हे काहून पाठवलं असन त्यायनं?” मला कळलं होतं, त्यालाही कळलेलं होतं, तरी त्यानं विचारलं, आणि मी माझंच वाक्य त्याच्या मोबाईलवर वाचलं. मी दुरुस्तीचं पत्र धाडलं. शब्दकोड्याच्या खाली तीन ओळी छापून आल्या. वाद्यवृंदाला मी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

त्यानंतर आंधळगावात त्यांचा कार्यक्रम झाला. गाणं संपल्यावर एक गृहस्थ स्टेजपाशी येऊन म्हणाले, “लय चांगली नक्कल केली गड्या, अगदी मोबाईलवरच्यासारखी.” हेमराजनं मान हलवली, गिटार पिशवीत घातली. ते गाणं तो पुन्हा गायला नाही. फर्माईश आली की म्हणायचा, “थे आता माहं नाही राहिलं.” पुढे पेटीवाला चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला लागला, झांजवाला गावी गेला, आणि बँड कधी संपला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शोकसभेला मात्र हॉल भरला. ज्यांनी त्याला कधी स्टेज दिलं नाही, त्यांनी ‘झाडीपट्टीचा आवाज’ असा फ्लेक्स लावला. शेवटी गाण्यासाठी काही मुली उभ्या राहिल्या आणि निवेदक म्हणाले, “हेमराजभाऊंचं आवडतं पारंपरिक गीत.” मुलींनी ते जलद ठेक्यात म्हटलं. मी उठून माईकवर सांगितलं, हे हेमराजचं आहे, पारंपरिक मी लिहिलं होतं, ती माझी चूक. निवेदकांनी हळूच माईक घेतला आणि म्हणाले, “मॅडम भावुक झाल्या आहेत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परवा दुकानात गेले. त्याची बायको शीला आता तिथं बसते. व्हार्निशचा वास तसाच, तांब्याच्या तारेची रिळं तशीच. तिनं फळीवरून एक शाळेची वही काढली. हेमराजची गाण्यांची. प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात ते कुठून आलं ते लिहिलेलं. ‘आत्यापासून ऐकलं.’ ‘दंडारीतलं, जुनं’, म्हणजे झाडीतल्या लोकनाट्यातलं. काहींखाली ‘माहं’. त्या गाण्याखालीही ‘माहं’ होतं, आणि निळ्या शाईनं त्यावर एकच सरळ रेघ ओढलेली. दुसरं काही लिहिलं नव्हतं.

“दोन दिवस नेऊ का? उतरवून आणून देते,” मी विचारलं.

शीलानं वही माझ्या हातातून घेतली, मिटली, पुन्हा उघडून काउंटरवर ठेवली. “नेऊ नका, मॅडम,” ती म्हणाली. “का पाहाचं थे इथंच पाहा.”

मी उभ्यानंच उतरवून घेऊ लागले. ती समोर बसून माझ्या पेनाकडे पाहत होती.