लेथचा घसारा

संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना हे आपली लोखंड कातायची लेथ पुसत होते. आधी ब्रशने तिच्या अंगावरचा चुरा झाडला, मग मऊ फडक्याने एकेक कोपरा सावकाश पुसला. मी टेबलाशी मार्चअखेरचे हिशेब लिहीत होते. बघता बघता माझा जळफळाट झाला. समोर बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

ही लेथ घ्यायची म्हणून माझ्या पाटल्या मोडल्या. त्या भांडवलात जमा झाल्या, तेही यांच्या नावावर. तेव्हापासून दरवर्षी मीच तिचा घसारा काढते. ती वर्षभर राबली, झिजली, म्हणून तिच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करून खर्चात धरायची. माझे गुडघे कुरकुरतात, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला कुणी शिकवलं नाही.

"कागदावर आता तिची किंमत एक रुपया उरलीय," मी जरा कुचकेपणानेच म्हणाले.

"उरू दे. काम अजून चोख देते," हे म्हणाले. "सकाळपासून आवाज मात्र बदललाय तिचा. उद्या उघडून बघतो."

माझा घसा चार दिवस बसलाय.

मी उठून जवळ गेले. दिव्याखाली ते फडकं नीट दिसलं. पहिल्या दिवाळीला यांनीच आणलेली माझी मोरपंखी साडी होती ती, मी कपाटात तळाशी जपून ठेवलेली.

"हे कुठून घेतलंत?"

"कपाटातून," हात न थांबवता हे म्हणाले. "एवढं मऊ दुसरं काही सापडलं नाही."