लेकरू कलम नसतं

माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि भाऊ दर हिवाळ्यात हातापायांच्या कळांनी कण्हायचा. गाव म्हणायचं, आईचंच रक्त खराब. त्या दुखण्याला सिकलसेल म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याच शिक्षणावर यंदा मला पांढुर्ण्याला बोलावलं, नर्सबायांना आनुवंशिकता शिकवायला.

नागपूरहून सकाळची गाडी धरली. धुक्यातून संत्र्याच्या बागा हळूहळू वर येत होत्या. आंबिया बहर (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) फुलला होता. तो वास डब्यात शिरला आणि मला वाटलं, गाडी रुळांवरून नाही, वासावरूनच चालली आहे. त्या गुंगीत उतरले आणि शिकवायला आणलेली रंगीत मण्यांची पिशवी गाडीतच विसरले. धडा सगळा त्या मण्यांवर होता. स्टेशनबाहेर तर्रीपोहे खाताना हॉटेलवाल्या काकांना हे सांगितलं, तर त्यांनी तूर आणि हरभऱ्याच्या पुड्या बांधून दिल्या. म्हणाले, शिकवून राहिल्या ना, मंग घेऊन जा.

वर्गात लताताई नावाच्या जुन्या नर्स पुढेच बसल्या होत्या. त्यांची मुलगी सिकलसेलची वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाही, पण दोष पुढे देऊ शकणारी. लग्न बोरगावच्या मुलाशी ठरलेलं. मुलाचं रक्त तपासलं नव्हतं.

"जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधते, मॅडम," त्या म्हणाल्या. "खुंट कसाबी असो, फळ संत्र्याचंच येते. जावई धडधाकट आहे. मंग लेकरू चांगलंच होईन."

"लेकरू कलम नसतं, ताई. बी असतं. त्यात दोघांचंही अर्धं-अर्धं येतं. आणि वाहक धडधाकटच दिसतो."

दोन वाट्या मांडल्या, एक आईची, एक बापाची, दोघंही वाहक धरून. प्रत्येकीत एक तूर, एक हरभरा. तूर म्हणजे दोष. लताताईंनी डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलला. तळहातावर दोन तुरी आल्या. दोन्हीकडून तूर आली, तर लेकरू आजारी.

मागून शोभा नर्स हळूच म्हणाली, "गावच्या सुनांना रक्ततपासणीचं कार्ड मागते लताताई, जावयाला मागाची लाज वाटते."

 रात्री लताताईंचा फोन आला, उद्या माझ्यासंग बोरगावले येता का. सोयरीक मोडली तर पोरीलाच नावं ठेवतील, ही भीती त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सौंसर गावातला माझा वर्ग आटोपून आम्ही निघालो. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. उन्हात जणू ढगच खाली बसलेले. मुलाच्या आईने भाकर, वांग्याची भाजी वाढली. लताताईंनी घास ताटात ठेवला. त्यांनी मुलीचं सगळं सांगितलं, मग तपासायला मुलाचं रक्त मागितलं.

विहीणबाई म्हणाल्या, "घ्या ना. पोरीचंच काहून पाहावं?"

मी घरी परतल्यावर निरोप आला: मुलगा वाहक नाही, लग्न ठरल्या दिवशीच. आता लताताईंच्या आरोग्य केंद्रात सोयरीक जुळली की मुलगा-मुलगी दोघांचंही रक्त तपासतात. ही पद्धत लताताईंनी सुरू केली. त्यांना शिकवलं मी.