तिरसा म्हणजे कोण: परतूरमार्गे घनसावंगी

हक्कसोडपत्रावर सही करायला गेलेल्या बाईने प्रवासवर्णन कशाला लिहावं? पण लिहितेय. वडील गेले आणि दादाचा फोन आला: शेतातला वाटा सोडल्याची सही करायला घनसावंगीला ये, साडी घेऊन ठेवलीय. आमच्याकडे बहिणींची हीच रीत आहे. निघताना लेक म्हणाली, "आई, शाळेत नावाची गोष्ट लिहायचीय. तुझ्या नावाची विचारून ये." माझं नाव तिरसा. कुणालाही दोनदा सांगावं लागतं. हिब्रू आहे, अर्थ 'आनंद देणारी', एवढंच वडील सांगायचे.

संभाजीनगरहून सकाळची रेल्वे धरली की दोनेक तासांत परतूर. स्टेशनबाहेर गरम सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, नक्की खा, वर तळलेली मिरची मागून घ्या. या अख्ख्या प्रवासात तोंडाला चव आणली ती तिनेच. तिथून मी नावाचं विचारायला पाळकसाहेबांकडे गेले. माझा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता.

"अर्थ बराबर हाय," ते म्हणाले, "पण बायबलातली गोष्ट न्हाई सांगितली तुझ्या बापानं? पाच बहिणी होत्या, भाऊ न्हवता. बाप वारल्यावर सरळ मोशेसमोर उभ्या राह्यल्या. म्हणल्या, बापाच्या जमिनीत आमाला वाटा पाहिजे. त्यातली एक तिरसा. तुझ्या बापाला ती गोष्ट लई आवडायची, म्हणून तर हे नाव ठेवल्तं."

माझा चहा हातातच राहिला. पाळकसाहेब चपला शोधत होते.

"कुठं निघालात?"

"तुझ्यासंगच. दादानं साक्षीदार म्हणून बोलावलंय."

"गोष्ट ठाऊक असून?"

"मंग काय करू बाई? मला ह्याच लोकांत राहायचंय."

घनसावंगीची जीप भरल्याशिवाय हलत नाही. साठ रुपये, मांडीला मांडी. दोन्हीकडे ऊस आणि कापूस, हिरवंगार. एरवी फोटो काढले असते, त्या दिवशी त्या हिरव्याचा मला रागच आला.

नोंदणी कार्यालयात दादा आणि आई आधीच आले होते, कागद तयारच होते. मी म्हटलं, "दादा, मला माझा वाटा हवाय." त्याने फक्त आईकडे बघितलं. आईने माझा हात धरला. "कर बाई सही. मला ह्याच्याच घरी राहायचंय."

त्या पाच जणी होत्या. मी एकटी. केली सही. खाली पाळकसाहेबांनी केली, मोत्यासारख्या अक्षरात.

घरी आल्यावर लेकीला सगळी गोष्ट सांगितली. तिने वहीत उतरवून घेतली.

"मग त्यांना मिळाली जमीन?"

"मिळाली."

"आणि तुला?"

मी पिशवीतली साडी काढून तिच्या वहीशेजारी ठेवली.