वावराला सांगितलेलं नाव

सरकीची ढेप पाण्यात भिजत घातली की तिचा एक आंबूस, तेलकट वास गोठ्यातून निघून थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. पहिल्या वर्षी मी नाकाला पदर लावायचे. आता तो वास आला नाही तर बैलांची वेळ चुकली म्हणून मीच धावत सुटते. आज सकाळी घमेल्यात हात घालून ढेप कालवत होते. धुई अजून वर उठली नव्हती, दोन्ही बैल माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या त्या मोठ्या, पाणीदार, कशाचंच नवल नसलेल्या डोळ्यांत पाहता पाहता मला आमचं इथलं पहिलं वर्ष आठवलं. एरवी ते मी फारसं आठवत नाही. त्यातली एक गोष्ट मनात आली की दिवसभर उगाच मान वळवून मागे पाहावंसं वाटतं.

आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याने नोकरीतून लवकर अंग काढून घेतलं आणि मंगरूळपीरहून कारंज्याकडे जाताना आत वळल्यावर लागणाऱ्या एका लहानशा वस्तीजवळ आम्ही थोडी जमीन घेतली. जमिनीत एक विहीर, दोन खोल्या आणि गोठा. आल्या आल्या वस्तीत जाऊन आपली रीतसर ओळख करून द्यायची, असं आम्ही एसटीतच ठरवलं होतं. मी तर काय बोलायचं ते मनात घोकूनही ठेवलं होतं. निसर्ग, शांतता, मातीची ओढ वगैरे. मारुतीच्या पारावर मंडळी जमली, चहा आला, आणि आमच्या मातीच्या ओढीत कुणालाच रस नव्हता. कोणाचे, कुठले, लेकरं किती, गुडघे धड आहेत का, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही नाशिक म्हणालो तरी संध्याकाळपर्यंत आमचं नाव ‘पुन्यावाले’ पडलं आणि आजतागायत तेच आहे. घरोघरी आमचं हसून स्वागत झालं. मला वाटलं, झाली ओळख.

जमीन ज्यांच्याकडून घेतली ते बाबा त्याच वस्तीत राहत. बायको काही वर्षांपूर्वी तापाने गेलेली, मुलगी लग्न होऊन कारंज्याला, आणि वखर धरायचं बळ हातात उरलेलं नाही, म्हणून त्यांनी विकली. जमिनीबरोबर बैलजोडीही दिली. त्यांची अट एकच होती, बैलांना बाजार दाखवायचा नाही. नवऱ्याने शब्द दिला. बाबांनी मान हलवली आणि बैलांच्या पाठीवरून हात न फिरवताच ते घराकडे गेले. तेव्हा मला ते जरा कोरडेच वाटले.

बाबांच्या वेळचं, ट्रॅक्टरने पेरलेलं सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालं आणि हरभऱ्यासाठी रान तयार करायची वेळ आली. जमिनीतली ओल उडायच्या आत वखरून पेरायचं असतं. वस्तीतल्या लोकांनी नवऱ्याला चार दिवस वखर धरायला शिकवलं आणि मग त्याला त्याच्या नशिबावर सोडून दिलं. बैल शहाणे होते. हाकणाऱ्याला काही येत नाही हे ओळखून आपलं आपण चालत, वळत. फक्त एका जागी थांबत.

ती जागा वावराच्या साधारण मधोमध होती. तिथे झाड नव्हतं, दगड नव्हता, खड्डा नव्हता. नुसती सोयाबीनची कापलेली खुंटं आणि चढलेलं ऊन. बैल तिथे येऊन उभे राहत. कान पुढे होत. शेपट्या हलायच्या थांबत. मग माना खाली झुकत आणि दोघांचीही तोंडं चालू लागत. रवंथ करताना चालतात तशी नव्हे, कुणीतरी तळहातावर काही धरावं आणि त्यांनी ते अलगद ओठांनी उचलावं तशी. उजवीकडचा बैल जीभ काढून हवेतलं काहीतरी चाटायचा. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभी राहून हे पाहिलं आणि चहूकडे नजर फिरवली. एवढं लख्ख ऊन होतं की लपायला काहीही, कुणालाही जागा नव्हती.

खूप वेळाने ते हलत, पण सरळ जात नसत. थोडं वळून, ती जागा बाजूला ठेवून पुढे जात. दुसऱ्या बाजूने येतानाही तसंच. त्यामुळे सगळं रान काळंभोर, भुसभुशीत झालं तरी मधोमध खुंटांचा एक तुकडा तसाच राहिला. फार मोठा नव्हता. मांडी घालून बसलेल्या बाईएवढा.

नवऱ्याने ओरडून पाहिलं, कासरा ओढून पाहिला. मारायचं त्याच्या हातून होईना. वस्तीत थट्टा सुरू झाली, ‘पुन्यावाल्याचे बैल सुट्टीवर हायेत.’ इकडे दिवसागणिक ओल उडत होती. हे बैल द्यावेत आणि भाड्याचा ट्रॅक्टर लावावा असं तो एका दुपारी बोलून गेला आणि मग दिलेला शब्द आठवून पुन्हा वखराकडे वळला. त्यात भर म्हणजे बाबा. वखर सुरू झाला की ते रोज पूर्वेच्या धुऱ्यावर बोरीखाली येऊन बसत. आम्ही दिलेला चहा घेत, पण बोलत नसत. “विकून झालं तरी यांची राखण सुटत नाही,” असं नवरा चिडून म्हणे. मलाही वाटे, आमचं हसं पाहायला येतात. पण ते आमच्याकडे पाहतच नसत. बैल थांबले की त्यांचा चेहरा निवल्यासारखा व्हायचा. बैल चालू लागले की ते पुढच्या फेरीची वाट पाहत.

शेवटी मी शेजारच्या वावरातल्या काकूंना विचारलं. त्या वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, कामाला आमच्या दोघांना भारी. त्यांनी तो तुकडा पाहिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळल्या.

“तुमी गावाले नाव सांगतलं. वावराले सांगतलं काय?”

मला कळेना. त्या म्हणाल्या, “नवी सून आली का पयले वावरात नेतो आमी. अनवानी उभी करतो. नाव सांग, माहेर सांग, कायले आली ते सांग. तिथं पयले जे कोनी असन, त्याले समजलं पाह्यजे ना, आता हे आली म्हून.”

“पण मला हे कुणीच सांगितलं नाही.”

“आमाले वाटलं बाबानं सांगतलं असन.” मग त्या तुकड्याकडे बोट न दाखवता, नुसती हनुवटी वळवून त्या म्हणाल्या, “बाबाची घरवाली भाकर घेऊन ये ना, त तिथंच बसे. पयला तुकडा बैलाइले दे, मंग घरधन्याले.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हताही. तरी दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी भाकरी आणि चिमूटभर कुंकू घेऊन गेले, त्या तुकड्याच्या कडेला चपला काढल्या आणि उभी राहिले. ढेकळं पायाला टोचत होती. नवरा बैल घेऊन लांब उभा होता. मी नाव सांगितलं. माहेर सांगितलं. कशाला आले ते सांगताना पारावरसाठी घोकलेलं ते निसर्ग-शांतता सगळं बाजूला राहिलं. समोर कुणी नव्हतं आणि तरी खोटं बोलवेना. मी म्हटलं, आमच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो आणि आमचं बोलणं संपलं होतं. भांडण नाही, काही नाही, नुसतं संपलं होतं. एकत्र करायला काहीतरी काम हवं म्हणून आलो. राहू द्याल का? हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बोलून झाल्यावर वारा पडल्यासारखा वाटला, आणि माझ्या डाव्या बाजूची हवा जराशी थंड झाली, कुणी जवळून उठून जावं तशी. मी तिकडे पाहिलं नाही. खाली बसून कुंकू वाहिलं, बैलांना बोलावलं आणि अर्धी अर्धी भाकरी हातावरून भरवली. त्यांच्या जिभा खरखरीत आणि गरम होत्या.

दुसऱ्या सकाळी बैल त्या जागी आले आणि थांबले नाहीत. खुंटांवरून सरळ गेले. वखराखाली तो तुकडा मोडला, काळा झाला, रानात मिसळला. नवरा आनंदाने माझ्याकडे पाहून हसला. पुष्कळ दिवसांनी हसला होता तसा. मीही हसले, आणि हसता हसता माझं लक्ष बोरीकडे गेलं.

बाबा उभे राहिले होते. पुढच्या फेरीला बैल पुन्हा सरळ गेले. त्यापुढच्या फेरीलाही. तेव्हा ते धुरा ओलांडून आत आले, विकल्यापासून पहिल्यांदाच, आणि तो तुकडा होता तिथे येऊन थांबले. पायाच्या अंगठ्याने त्यांनी माती जराशी उकरली.

“कोनं सांगतलं तुमाले?”

मी काकूंचं नाव घेतलं.

“बरं केलं. सांगाच लागते.” त्यांचा आवाज खाली गेला. “म्या मुद्दामच नाही सांगतलं. बैल उभे राहे, त मले वाटे, हाय अजून. तेवढंच पाहाले येत होतो मी.”

त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि ते म्हणाले, “आता झालं वावर तुमचं.” मग आल्या वाटेने न जाता, नव्याने वखरलेल्या रानाच्या कडेकडेने, पाऊल मातीत उमटू न देता ते गेले. पुन्हा आले नाहीत.

हरभरा छान उगवला. तो तुकडा होता ती जागा ओळखू येईल म्हणून मी पहिल्या कोंबापासून घाटे धरेपर्यंत शोधत राहिले. कुठेही फरक नव्हता. कागदावर जमीन झाली तेव्हा आपण आलो असं आम्ही धरून चाललो होतो. खरं येणं त्या दुपारी झालं, आणि ते कुणाच्या तरी जाण्यावाचून झालं नाही. काकू म्हणतात, तशीच रीत आहे, वाईट वाटून घेऊ नये. मला वाटतंच. आता आम्ही दोघं बोलतो, भांडतोसुद्धा, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून एका ताटात जेवतो तेव्हा कधीकधी घास माझ्या हातातच राहतो.

बाबा अजून आहेत. थकलेत. दवाखान्यासाठी मंगरूळपीरला जायला निघाले की आमच्या वावराकडे पाठ राहील अशा बाजूने चालतात. बैलही म्हातारे झालेत, थोडं चालून दमतात, पण वखर मोडीत काढायला मी अजून तयार होत नाही. कारण विचारलं की नवऱ्याला काहीबाही सांगते. बैल मधोमध आले की मी हातातलं काम टाकून त्यांच्या पायांकडे पाहत राहते. एकदा तरी थांबतील. थांबले तर मला भीती वाटणार नाही. मी तशीच अनवाणी वस्तीत पळत जाऊन बाबांना घेऊन येईन.